घरी भरलेलं काडतूस दगा का देतं? रीलोडिंगमधल्या नेहमीच्या अडचणी आणि त्यांची कारणं

बीजीएमआय खेळणाऱ्यांना ९ एमएम आणि पॉइंट ४५ एसीपी ही नावं पाठ असतात. गेममध्ये काडतुसं जमिनीवर पडलेली मिळतात, आणि ती कधी अडकत नाहीत की फुसकी निघत नाहीत. खऱ्या काडतुसाचं तसं नसतं.

अमेरिकेत नेमबाजीचा छंद असलेले बरेच जण वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करतात आणि घरीच पुन्हा भरतात. याला रीलोडिंग म्हणतात. हँडल ओढलं की खटकन काडतूस तयार, असे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. स्वतःच्या वापरासाठी हे करायला तिथल्या केंद्रीय कायद्याने लायसन्स लागत नाही, विकायचं असेल तर लागतं. आपल्याकडे मात्र शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे हा लेख ‘कसं करायचं’ सांगणारा नाही. त्या रील्समध्ये जे दाखवत नाहीत, म्हणजे काय बिघडतं आणि का, ते इथे बघू.

आधी भाग समजून घ्या. आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, पण गोळी हा फक्त पुढचा तुकडा. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठोका बसला की पेटणारा प्राइमर, आत दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी, असं चौघांचं मिळून काडतूस होतं. ९ एमएमसाठी अमेरिकेत दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. कारच्या टायरमध्ये साधारण ३३-३५ असते, म्हणजे हे हजार पट झालं. आणि हे सगळं हातात धरलेल्या वस्तूच्या आत.

चेंबरमध्ये बसतच नाही

सगळ्यात जास्त येणारी आणि त्यातल्या त्यात निरुपद्रवी अडचण. ९ एमएमची पुंगळी जास्तीत जास्त १९.१५ मिमी लांब असते आणि ती चेंबरमध्ये तोंडाच्या कडेवर टेकते. गोळी बसवण्यासाठी हे तोंड आधी थोडं रुंद करावं लागतं. ते परत पुरेसं मिटलं नाही तर काडतूस अर्ध्यात अडकतं. गोळी जास्त बाहेर राहिली तरी तेच होतं. तपासायची पद्धत गमतीशीर आहे: पिस्तुलाची नळी काढून हातात घ्यायची आणि काडतूस त्यात सोडायचं. ‘टक’ आवाज करून आत गेलं आणि उलटं केल्यावर आपोआप बाहेर पडलं तर ठीक.

इथे एक बारकावा आहे. ९ एमएमचं तोंड आत वळवून चालत नाही, कारण टेकायला कडाच उरत नाही. पॉइंट ३८ स्पेशलसारख्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला मागे रुंद कड असते, त्यामुळे तिथे तोंड वळवता येतं, आणि जोरदार काडतुसात वळवावंच लागतं. नाहीतर एक बार उडाला की धक्क्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलिंडर फिरायचं थांबतं. एकाचं सेटिंग दुसऱ्याला कॉपी-पेस्ट करता येत नाही.

पहिल्या ठोक्याला उडत नाही, दुसऱ्याला उडतं

हे लक्षण दिसलं की प्राइमरकडे बघा. तो तळापर्यंत बसलेला नसेल तर पहिला ठोका त्याला आत ढकलण्यातच वाया जातो. त्याच्या खाचेत साचलेली काजळी हे एक कारण. लष्करी पुंगळ्यांमध्ये खाचेची कड मुद्दाम दाबलेली असते, तीही आड येते. पॉइंट ४५ ची तर वेगळीच कटकट आहे: दिसायला सारख्या पुंगळ्या, पण काहींना मोठा प्राइमर लागतो आणि काहींना लहान. बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबायचं, असा नियम आहे, कारण कधीकधी तो उशिरा उडतो.

‘फुस्स’ आवाज येतो

खरी भीती याची आहे. पुंगळीत दारू पडलीच नाही किंवा फार कमी पडली, तर एकट्या प्राइमरच्या जोराने गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. पिस्तूल असेल तर बहुतेक वेळा पुढचं काडतूस आपोआप चढत नाही. आणि सरावलेला नेमबाज नेमका सवयीने स्लाइड ओढून पुन्हा चाप दाबतो. बंद नळीत दुसरी गोळी गेली की नळी फुगते किंवा फाटते. रिव्हॉल्व्हरमध्ये तर पुन्हा चाप दाबला की पुढचं काडतूस हजर. म्हणून वेगळा आवाज आला की थांबायचं, शस्त्र रिकामं करायचं आणि नळी आरपार मोकळी आहे का ते बघायचं. दुसरी गोळी झाडून पहिली बाहेर काढायचा विचारही करायचा नाही.

याच्या उलट चूक म्हणजे दुप्पट दारू. पॉइंट ३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराचं, मूळचं काळ्या दारूसाठीचं. ती दारू जागा जास्त घ्यायची म्हणून पुंगळी मोठी. आजची धूरविरहित दारू तिच्या तळाशीच राहते, म्हणून दोनदा पडली तरी सांडत नाही आणि पटकन लक्षातही येत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावणं हाच उपाय. फोन वाजला आणि तुम्ही मध्येच उठलात, तर कुठे होतो हे आठवायच्या भानगडीत न पडता ती पुंगळी रिकामी करायची.

गोळी आत सरकते

पुंगळीची पकड सैल असेल, किंवा तेच काडतूस रोज चढवलं-उतरवलं, तर गोळी हळूहळू आत दबते. ९ एमएममध्ये मुळात जागा कमी, त्यामुळे थोडं सरकलं तरी दाब बराच वाढतो. शेजारी नवं काडतूस धरलं की लांबीतला फरक दिसतो. असं काडतूस बाजूलाच काढायचं.

वजनकाटा भरकटतो

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे फक्त ०.०६४८ ग्रॅम. इतक्या बारीक मापाला पंख्याचा वारा पुरतो, आणि शेजारी ठेवलेल्या मोबाइलच्या रेडिओ लहरींनीही डिजिटल काट्याचे आकडे हलू शकतात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचं हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे प्रमाण फोनवर शोधायचा मोह. कुणाच्या तरी स्क्रीनशॉटमधला किंवा चॅटबॉटने सांगितलेला आकडा इथे चालत नाही. दारू बनवणारी कंपनी स्वतः तपासलेले तक्ते छापते. तेही ठरावीक दारू आणि ठरावीक गोळी याच जोडीसाठी असतात, आणि सुरुवात सगळ्यात खालच्या आकड्यापासून करायची असते.