शके-इसवी रूपांतर आणि वंशावळींची संगणकीय पडताळणी : सिंदखेडराजाच्या जाधव घराण्याच्या संदर्भात

वंशावळ तयार करणाऱ्या संगणक प्रणाली तारखांतील विसंगती दाखवितात. मुलाचा जन्म आईच्या जन्माआधी नोंदविल्यास 'ग्रॅम्प्स'सारखी प्रणाली तशी सूचना देते. मात्र ही तपासणी शक्याशक्यतेची असते, सत्यासत्यतेची नव्हे.

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाच्या जाधव घराण्याचे उदाहरण बोलके आहे. लखुजी जाधवांची दौलताबादेस हत्या झाली ती श्रावण पौर्णिमा, शके १५५१ रोजी. त्यांचे नातू शिवाजी महाराज यांचा जन्म, जेधे शकावलीप्रमाणे, फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. शकात सरसकट ७८ मिळविल्यास दोन्ही घटना १६२९ मध्ये येतात. फाल्गुन फेब्रुवारी-मार्चचा, म्हणून नातवाचा जन्म आजोबांच्या हत्येआधी पडतो! वस्तुतः शकवर्ष चैत्रात सुरू होते. जानेवारीपासून पुढच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. हत्या २५ जुलै १६२९ ची, जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे वडील व भाऊ मारले गेले तेव्हा जिजाबाई गर्भवती होत्या. चुकीच्या नोंदीत हे वास्तवच पुसले जाते, आणि प्रणाली ती निमूटपणे स्वीकारते. आजोबांच्या हयातीत नातू जन्मणे तिला स्वाभाविकच वाटणार.

यास्तव मूळ तिथी व शक नोंदीत कायम ठेवून इसवी तारीख त्याखाली द्यावी. जिजाबाईंचा परंपरेने मानलेला जन्मदिवसही पौष पौर्णिमा, शके १५१९ हाच आहे. ७८ मिळविणारा तो १५९८ ऐवजी १५९७ मध्ये नोंदवील.