मॅग्नम रायफल: सामर्थ्याआधी नेम

सुरत जिल्ह्यातील मांडवी परिसराच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर नित्याचा झाला आहे. ऊस उभा असतो तोवर त्याला आडोसा मिळतो. तोडणी सुरू झाली की तो माणसांसमोर येतो. सत्तरी किंवा सांगे भागातील वाचकाला हा अनुभव परका नाही. वनखाते अशा वेळी पिंजरा लावते, गरज पडल्यास भुलीची बंदूक वापरते. रायफलीची पाळी सर्वांत शेवटी आणि क्वचितच येते. मात्र ती आली, तर निवड चुकल्याची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागू शकते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. बिबट्या व वाघ पहिल्या अनुसूचीत येतात. त्यांपैकी एखादा माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलवणे शक्य नसेल, तरच कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून त्याला मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात ‘अवनी’ वाघीण मारली गेली, तेव्हा देशभर वाद झाला. अशा प्रसंगी झाडलेल्या प्रत्येक गोळीचा जाब द्यावा लागतो.

‘मॅग्नम’ हे नाव मद्याच्या मोठ्या बाटलीवरून आले. नेहमीपेक्षा अधिक दारू भरलेले, म्हणून अधिक वेगाची वा अधिक वजनाची गोळी फेकणारे काडतूस, असा त्याचा अर्थ. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम आणले. अमेरिकेत ७ मि.मी. रेमिंग्टन मॅग्नम १९६२ मध्ये आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ मध्ये आले.

गोळी आणि दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातात, तितक्याच जोराने रायफल मागे येते. चार किलोची रायफल धरून ढोबळ हिशेब केला, तर ७ × ५७ मि.मी. काडतुसाचा धक्का सुमारे १५ ज्यूल, .३०० विंचेस्टर मॅग्नमचा सुमारे ३२ आणि .३७५ चा ५० ज्यूलच्या वर भरतो. तीच .३७५ पाच किलोची असेल, तर धक्का ४२ ज्यूलपर्यंत उतरतो. वजन हा धक्का कमी करण्याचा सर्वांत साधा उपाय आहे. पण दिवसभर रान तुडवायचे असेल, तर त्याच वजनाने हात थकतात.

धक्क्याने खांदा दुखतो, त्याहून मोठे नुकसान नेमाचे होते. एकदा मार बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच डोळा मिटतो, खांदा आखडतो आणि नळी हलते. हा दोष ओळखण्यासाठी जाणत्याच्या देखरेखीखाली, चांदमारीवर, काडतुसांत नकळत एक नकली काडतूस घालतात. चाप ओढल्यावर नुसताच खटका वाजला आणि नळी खाली गेली, तर ती रायफल त्या माणसासाठी जड आहे.

निवडताना दस्त्याची लांबी अंगाला जुळते का, गाल दस्त्यावर नीट टेकतो का, मागची रबरी गादी मऊ आहे का, हे पाहावे. दुर्बीण डोळ्यापासून नऊ-दहा सेंटीमीटर दूर ठेवूनही स्पष्ट दिसली पाहिजे; नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. नळीच्या तोंडाशी बसवलेला ब्रेक धक्का घटवतो, पण आवाज फार वाढवतो. कानांचे संरक्षण हवेच. भारतात १९८० च्या दशकात खासगी आयात थांबल्याने येथील मॅग्नम बहुधा वारशाने आलेल्या आहेत. त्यांची नळी आणि काडतुसाचे घर कुशल कारागिराकडून तपासून घेतल्याविना गोळी झाडू नये.

बिबट्यावर गोळी झाडण्याचे अंतर बहुधा थोडे असते. तेथे मॅग्नमच्या दूरवरच्या सपाट माऱ्याचा उपयोग नाही. उलट, आरपार गेलेली गोळी मागच्या वस्तीला घातक ठरते. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली .२७५ रिग्बी म्हणजे ७ × ५७ मि.मी.चीच रायफल, ती मॅग्नम नव्हती. पुढे अनेक वर्षे त्यांनी तीच वापरली.

जखमी होऊन उसात शिरलेला बिबट्या आधीपेक्षा अधिक धोकादायक असतो आणि त्याच्या मागावर जाणाऱ्यालाच पहिला धोका असतो. म्हणून रायफल निवडण्याची कसोटी सोपी आहे: बसून, उभे राहून, दमलेल्या श्वासानिशी जिच्यातून पहिली गोळी हव्या त्या जागी लागते, तीच योग्य.