औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्रातील पीएच.डी.

कामाच्या ठिकाणी माणूस कसा निवडला जातो, शिकतो, टिकतो, थकतो आणि इतरांशी कसा वागतो, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेतील संशोधन-पदवी व तिच्यासाठीचे शिक्षण. या विषयातली पहिली पीएच.डी. ब्रूस मूर यांना १९२१ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी तंत्रसंस्थेतून मिळाली असे सामान्यतः मानतात. काही जण हा मान लिलियन गिलब्रेथ यांच्या १९१५ च्या प्रबंधाला देतात. अमेरिकेत या शाखेचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रात पदवी साधारणपणे ‘मानसशास्त्र’ किंवा ‘व्यवस्थापन’ या नावाने मिळते. शाखा कोणती, ते प्रबंधाच्या शीर्षकावरून ओळखायचे.

इतिहास : भारतात या विषयाची काही पाळेमुळे कापडगिरणीत आहेत. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ‘अटिरा’ या अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कमला चौधरी यांनी गिरणीतल्या मानवी संबंधांचा अभ्यास उभा केला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबादच्याच कॅलिको मिलच्या साचेखात्यात (मागांच्या विभागात) प्रयोग केला. स्वयंचलित साच्यांवर प्रत्येकाला सुटे काम वाटून दिले होते. त्याऐवजी ठरावीक साच्यांची जबाबदारी छोट्या गटावर सोपवली. गट कामगारांनी आपसांत बोलून जमवले. उत्पादन वाढले, खराब माल कमी झाला. राइस यांचे पुस्तक १९५८ मध्ये आले. त्यांचे सहकारी एरिक मिलर १९७० मध्ये परत जाऊन पाहून आले, तेव्हा गटपद्धत एका ठिकाणी टिकली होती, इतरत्र बरीच विरली होती. या भेटीवरचा मिलर यांचा लेख (१९७५) राइस यांच्या पुस्तकाइतका वाचला जात नाही. सतरा वर्षांनी त्याच खात्यात परत जाणे हेच खरे तर संशोधकाचे शिक्षण.

मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ चा. पंढरीनाथ प्रभू यांनी खेड्यांतून मुंबईत आलेल्या औद्योगिक कामगारांवर केलेला अभ्यास त्याआधीचा, युनेस्कोच्या १९५६ च्या संग्रहात आलेला. टाटा समाजविज्ञान संस्था (१९३६) आणि पूर्वीची ‘निटी’, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, येथे हा विषय कामगार अभ्यास व व्यवस्थापन यांच्या अंगाने येतो. पुणे विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राची परंपरा.

नियम : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण (राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत) किंवा चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण हवेत. प्रवेश नेटच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या परीक्षेवर. मुंबईच्या परीक्षेला ‘पेट’ म्हणतात. वर्गपाठाला किमान १२ श्रेयांक. मुदत ३ ते ६ वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी २. महिला व दिव्यांगांना त्यापुढेही २. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ व सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. एम.फिल. बंद झाले, प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती गेली. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, मात्र मालकाचे ना-हरकत पत्र लागते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये. कारखान्यात शिरायचे कसे, याविषयी विनियमांत ओळ नाही.

भाषा : मराठीत ‘संघटना’ म्हणजे आधी युनियन. इंग्रजी प्रश्नावलीतली ‘ऑर्गनायझेशन’शी असलेली बांधिलकी सरळ मराठीत आणली, तर कामगार कंपनीविषयी नव्हे, युनियनविषयी उत्तर देतो, आणि गुणांची बेरीज तरीही नीट जमते. उलट-भाषांतराची पद्धत (ब्रिसलिन, १९७०) येथे पुरी पडत नाही. ‘संघटना’ उलटून पुन्हा ‘ऑर्गनायझेशन’च होते. काहींच्या मते ‘कंपनी’ लिहावे, काही ‘आस्थापना’ पसंत करतात. पहिला शब्द शिक्षकांना व परिचारिकांना बसत नाही, दुसरा खात्यात कुणी बोलत नाही. प्रस्तुत शाखेच्या मराठी नावातही हीच अडचण आहे. प्रश्नावली व्यवस्थापनाच्या हातून वाटली गेली की उत्तरे गोड येतात, ते निराळे.

मसुरे (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) : उदाहरणादाखल घेतलेले, गड नदीकाठचे, भरतगड किल्ल्याचे गाव. जिल्ह्यातली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न असल्याने इथल्या विद्यार्थ्याचा मार्ग बहुधा ‘पेट’मधूनच जातो. विषयाशी गावाचा संबंध मात्र जुना. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि १९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणीकामगारांपैकी जवळपास निम्मे त्या जिल्ह्यात जन्मलेले होते. मुकादमाच्या ओळखीवर भरती, गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या, खानावळी, बदली (गैरहजर कामगाराच्या जागी घेतल्या जाणाऱ्या) कामगारांची रांग, भातलावणीला गावी परतणे : निवड, गैरहजेरी, गटनिष्ठा हे पाठ्यपुस्तकातले सगळे विषय यात आहेत. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रण आणले ते मुकादमाच्या हातातली भरती काढून घेण्यासाठी. तरी हे भांडार मुख्यतः इतिहासकार व अर्थशास्त्रज्ञांनी वापरले. मानसशास्त्राचा नमुना बँका, शाळा, रुग्णालये आणि संगणक कंपन्यांत सापडतो, कारण तिथे परवानगी मिळते. 

मसुऱ्याच्या आंगणेवाडीतील भराडी देवीची जत्राही या शाखेच्या कक्षेत यावी. तारीख दरवर्षी देवीच्या कौलानंतर ठरते, लाखो माणसे येतात, एसटी व रेल्वे जादा गाड्या सोडतात. नैवेद्य आंगणे कुटुंबांतल्या स्त्रिया मौन पाळून रांधतात. कामाची वाटणी नेमणूकपत्रावर नव्हे, घराण्यावर.

व्यवसाय : चिकित्सा मानसशास्त्रासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, या शाखेसाठी लागत नाही.