आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

लघवी संपता संपता लहान मुलगा कळवळतो आणि शिश्नाचं टोक चोळत, ओढत राहतो. सुमारे 2400 वर्षांपूर्वी एका ग्रीक वैद्याने हे टिपून ठेवलं. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या, हवा आणि पाण्याविषयीच्या ग्रंथात तो म्हणतो की लघवी अडते ती तिथेच, असं या मुलांना वाटतं. खरा गुन्हेगार असतो वर, मूत्राशयात बसलेला खडा.

सुश्रुतसंहितेत हाच मुलगा पुन्हा भेटतो. वाताच्या अश्मरीने, म्हणजे खड्याने, पिडलेलं मूल दात खातं, बेंबी दाबतं, शिश्न चोळतं. खडा कदंबाच्या फुलासारखा काटेरी असतो, हेही तिथे आहे. अश्मरीच्या पूर्वलक्षणांत ज्वर आणि अरुचीच्या जोडीला मूत्राशय, वृषण आणि शिश्नातली वेदना येते. लघवीला बोकडासारखा वास येतो हेसुद्धा सुटलेलं नाही. शस्त्र हा शेवटचा उपाय, आणि तोही राजाची परवानगी घेऊन. न कापावं तर मरण नक्की, कापावं तर जगण्याची शंका, असा तो हिशेब होता. डाव्या हाताची बोटं गुदद्वारातून घालून खडा चाचपायचा, खाली आणायचा, मग वृषण आणि गुदद्वार यांमधल्या शिवणीच्या डावीकडे जवभर जागा सोडून छेद. बोटाला खडा लागणं हेच निदान.

दुखतं एकीकडे आणि रोग दुसरीकडे, हे कसं? मूत्राशय रिकामा होत आला की त्याच्या भिंती खड्यावर आवळतात आणि खडा तळाशी, मूत्रमार्गाच्या तोंडाशी घासतो. तिथल्या आणि शिश्नाच्या संवेदना मज्जारज्जूच्या शेवटाकडच्या त्याच पट्ट्यात पोहोचतात. मेंदू पत्ता चुकतो.

युरोपात बोटाच्या मदतीला धातूची वाकडी सळई आली. ती मूत्रमार्गातून आत सरकवायची आणि खड्यावर आपटल्याचा ‘टक्’ आवाज येतो का ते ऐकायचं. भूल नसलेल्या त्या काळात माणूस कापून आत खडाच न सापडणं ही शल्यवैद्याची मोठी नामुष्की, म्हणून टेबलावर घेतल्यावरही सळई पुन्हा घालून खात्री करण्याचा दंडक पडला. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स 26 मार्च 1658 रोजी अशा शस्त्रक्रियेतून वाचला. टेनिसच्या चेंडूएवढा तो खडा त्याने जपून ठेवला. दरवर्षी त्या तारखेला मेजवानी द्यायची, असंही ठरवलं.

लखनौच्या क्लॉड मार्टिनने मात्र कमालच केली. नबाबाच्या पदरी असलेल्या या फ्रेंच माणसाने 1782 मध्ये विणकामाच्या सुईची कानस बनवली, ती नळीतून स्वतःच्याच मूत्राशयात घातली आणि काही महिने रोज थोडा थोडा खडा घासून काढला. निदान करणारा, शल्यवैद्य आणि रुग्ण, तिघेही तोच! पॅरिसमध्ये शल्यवैद्य सिव्हियालने उपकरणाने आतल्या आत खडा फोडला तो 1824 साली, म्हणजे चार दशकांनी.

मुलांचा मूत्रमार्ग अशा उपकरणांना अरुंद पडेल, ही समजूत मोडण्यात होळकरांच्या इंदूरचा वाटा आहे. तिथल्या रेसिडेन्सीचे सर्जन कीगन यांनी 1880 च्या दशकात लहान मुलांचे खडे न कापता फोडून काढले.

जर्मनीत माक्स नित्झेने 1877 मध्ये मूत्राशयात डोकावणारी दुर्बीण दाखवली आणि आवाजावरचं निदान डोळ्यांवर आलं. 1895 मध्ये क्ष-किरण आले, पण युरिक ॲसिडचे खडे त्यांनाही चकवत. ते पकडायला पुढे सोनोग्राफी आली.

अर्थात शिश्नातलं प्रत्येक दुखणं खड्याचं नसतं. चिकटलेली किंवा सुजलेली कातडी, लघवीचा संसर्ग, मोठ्या पुरुषांत प्रोस्टेटची सूज, अशी कारणं डॉक्टर एकेक करून तपासतात. पण लघवीनंतर रडणारा, सारखा तिथेच हात नेणारा मुलगा घरात असेल, तर ‘घाणेरडी सवय’ म्हणून त्याच्या हातावर चापट मारू नका. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या.