मद्याच्या पिंपावर जन्मलेले पाणी

मद्य आणि सोडा ही पेये परस्परांची हाडवैरी आहेत, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून रूढ आहे. ती पुष्कळदा एकाच पेल्यात नांदतात, हा भाग निराळा! इतिहास पाहू जाता त्यांचे नाते मायलेकरांचे ठरते.

इ. स. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक इंग्लंडातील लीड्स शहरी राहावयास आला. शेजारीच बिअरचा कारखाना होता. आंबणाऱ्या बिअरवर एक जड वायू साचून राहतो व त्यात पेटते लाकूड विझते, हे त्याच्या ध्यानी आले. त्या वायूत धरून त्याने एका भांड्यातील पाणी दुसऱ्यात पुनःपुन्हा ओतले, आणि औषधी झऱ्यांच्या पाण्यासारखे चुरचुरीत पाणी तयार झाले. १७७२ मध्ये ही कृती त्याने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. खलाशांचा स्कर्व्ही रोग या पाण्याने हटेल अशी त्याला आशा होती. ती फोल ठरली. परंतु आरोग्यदायित्वाची जी कीर्ती या पेयास जन्मतःच चिकटली, ती पुढे सुटली नाही.

अमेरिकेत तर तिला नीतीचेही बळ मिळाले. अटलांटा येथील औषधविक्रेता जॉन पेंबर्टन कोकाची पाने घातलेले द्राक्षमद्य विकीत असे. १८८५ मध्ये त्या शहराने मद्यबंदीच्या बाजूने कौल दिला, तेव्हा त्याने मद्य काढून साखरेचा पाक योजिला. १८८६ मध्ये कोका-कोला बाजारात आले, ते निर्व्यसनी माणसाचे पेय म्हणून. कोकाचा अंश आरंभी त्यात तसाच होता! पेयात काय नाही एवढेच जो तो विचारी. काय आहे, हे कोण पाहतो? १९०९ मध्ये सरकारने या पाकाची चाळीस मोठी व वीस लहान पिंपे जप्त केली, व खटला १९१६ मध्ये वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. आक्षेप होता कॅफीनवर व नावाच्या खोटेपणावर. साखरेवर आरोप नव्हता.

दोन्ही पेयांचा अपाय सारखाच, असे म्हणणारांशी आम्ही सहमत नाही. मद्याची गणना १९८८ पासून कर्करोगाच्या निश्चित कारणांत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०१९ या एकाच वर्षी त्याने सुमारे २६ लाख माणसे दगावली. शीतपेयाने कोणी बायकोवर हात उगारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पण म्हणूनच त्याची तपासणी फार उशिरा झाली. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते; प्रौढाने दिवसभरात २५ ग्रॅमच्या आत राहणे बरे, असा त्याच संघटनेचा सल्ला आहे. मुलांना तर त्याहूनही कमी पुरे.

या साखरेचा जवळजवळ अर्धा भाग फ्रुक्टोज, आणि त्याचा बराचसा भार यकृतावर पडतो. अति झाल्यास तेथे त्याची चरबी होते. १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ल्यूडविग प्रभृती डॉक्टरांनी वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची यकृते मद्यप्यांच्या यकृतांसारखी दिसत होती, आणि मद्याचे व्यसन तर त्यांना नव्हते. बहुतेक स्थूल होते, कित्येकांस मधुमेह होता. सर्व दोष साखरेच्याच माथी मारणे धाडसाचे होईल. परंतु त्या रोगास नाव दिले गेले तेही ‘मद्येतर’, म्हणजे पुन्हा जे नव्हते त्याचेच. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी ते बदलले. मद्याचा उल्लेख काढून त्या जागी चयापचयाच्या बिघाडाचा घातला.