माझगावची जीप आणि तिचा आवाज: यंत्र ऐकण्याच्या शास्त्राचा इतिहास

१/
जुनी जीप वेगात आली की तिच्या तळातून अखंड घरघर ऐकू येते. ही घरघर केव्हा निकोप समजावी आणि केव्हा बिघाडाची खूण मानावी? या प्रश्नाचा इतिहास मुंबईच्या माझगावापासून थेट सोळाव्या शतकातील इटलीपर्यंत जातो. #थ्रेड

२/
१९४५ मध्ये जगदीशचंद्र व कैलाशचंद्र महिंद्रा हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड महंमद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ असे झाले.

३/
याच संक्रमणकाळात कंपनीने अमेरिकेच्या विलीज-ओव्हरलँडची जीप भारतात आणली. सुटे भाग जहाजाने येत आणि माझगावात त्यांची जुळणी होई. मुंबईला असे काम नवे नव्हते. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना शिवडीत १९२८ पासूनच होता, परळला रेल्वेची कर्मशाळा होती आणि लालबाग-परळच्या गिरण्यांत हजारो चाके अहोरात्र फिरत होती.

४/
पुढे चित्र पालटले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानंतर सरकारने ठरवले की, केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे स्थान नाही. भागही भारतातच घडवले पाहिजेत. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने काम गुंडाळले. परदेशी सुटा भाग दुर्मीळ झाला. अशा वेळी चुकीचे निदान म्हणजे एक मोलाचा भाग व्यर्थ आणि मूळ दुखणे कायम.

५/
त्यातही जीपचे निदान साध्या मोटारीपेक्षा कठीण होते. दुसऱ्या महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. तिची शक्ती गिअरबॉक्समधून ट्रान्स्फर केसमध्ये येते आणि तेथून पुढे व मागे अशा दोन प्रोपेलर शाफ्टनी दोन डिफरन्शियलकडे जाते. फिरणारे भाग जवळजवळ दुप्पट, म्हणून संशयितही दुप्पट.

६/
खड्ड्यात चाक वरखाली होते, तेव्हा शाफ्टचा कोन सतत बदलतो. मग तो फिरत राहतो कसा? दोन्ही टोकांना असलेल्या युनिव्हर्सल जॉइंटमुळे. मेकॅनिक त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतो. सोळाव्या शतकातील इटालियन विद्वान जिरोलामो कार्दानो यांचे नाव या सांध्याला चिकटले. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

७/
या सांध्यात एक उपजत दोष आहे. तो कोनात असताना एका बाजूचा शाफ्ट समान गतीने फिरला, तरी दुसऱ्या बाजूचा प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित वेग घेतो आणि दोनदा मंदावतो. कोन जितका मोठा, तितका हा हिसका मोठा. तळातून जाणवणाऱ्या अनेक थरथरींचे मूळ या भूमितीत आहे.

८/
उपायही भूमितीतूनच मिळाला. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन समान ठेवावेत आणि दोन्ही योक एकाच रेषेत असावेत. मग एका सांध्याचा दोष दुसरा पुसून टाकतो. शाफ्टच्या सरकत्या जोडावर बाणाच्या खुणा असतात त्या यासाठीच. दुरुस्तीत शाफ्ट उघडून खुणा न जुळवता बसवला, तर सर्व भाग नवे असूनही गाडी थरथरते.

९/
आता निकोप आवाज. या जीपच्या ट्रान्स्फर केसमध्ये शक्ती खालच्या शाफ्टकडे दात्यांच्या चाकांतूनच उतरते. साध्या दोन चाकांच्या चालीतही या दात्यांना विश्रांती नाही. त्यामुळे थोडी घरघर ही गाडीची प्रकृतीच होय. ओळखायचा असतो तो त्या घरघरीतील बदल.

१०/
येथे गणित मदतीला येते. युद्धकालीन जीपचे डिफरन्शियल ४.८८ प्रमाणाचे: चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे जवळजवळ पाच. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे साडेसात फेरे घेते, शाफ्ट सुमारे ३६, क्रॉसचे हिसके सुमारे ७२. डिफरन्शियलच्या आठ दातांच्या पिनियनचे ठोके तर २८० च्या पुढे, म्हणजे हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातला सूर!

११/
म्हणून प्रत्येक भाग आपल्या स्वरात बोलतो. संथ डुलणारा हादरा असेल तर चाक किंवा टायर, तळातून येणारी दाट थरथर असेल तर शाफ्ट किंवा क्रॉस, आणि बारीक सलग हुंकार असेल तर डिफरन्शियलचे दाते. मात्र हा केवळ पहिला अंदाज असतो. त्याची परीक्षा पुढे घ्यावी लागते.

१२/
पहिली परीक्षा: मोकळ्या, सपाट रस्त्यावर आवाज येईल इतका वेग गाठून गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. इंजिन मंदावूनही आवाज तसाच राहिला, तर इंजिन निर्दोष. दुसरी: अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना सूर बदलला, तर संशय डिफरन्शियलच्या दात्यांवर. गाडी हलताना किंवा गिअर बदलताना ‘खट्’ झाले, तर क्रॉस झिजल्याची शक्यता मोठी.

१३/
तिसरी परीक्षा खास जीपची. जुन्या जीपची पुढची चाके आपल्या अ‍ॅक्सलशी कायम जोडलेली असतात. त्यामुळे लिव्हर दोन चाकांवर असला, तरी पुढचा शाफ्ट फिरतोच. तो उतरवून गाडी मागच्या चाकांवर चालवली आणि आवाज थांबला, तर दुखणे पुढच्या भागात. ही फुकटची फिरकी थांबवणारे हब अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ पासून लोकप्रिय केले.

१४/
एक लक्षण मात्र बिघाडाचे नव्हे, वापराचे असते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जुंपून वळले, तर ही तफावत शाफ्टमध्ये पिळासारखी साठते. टायर किंचाळतात, लिव्हर अडकतो. चिखलात चाके घसरून पीळ सोडतात. येथे पाना नको. गाडी जराशी मागे घेतली की पीळ सुटतो.

१५/
अमेरिकेत विलीजच्या ‘सीजे-३बी’ जीपचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात महिंद्राने तोच साचा त्यानंतरही कित्येक वर्षे चालू ठेवला. म्हणूनच जन्मभूमीत संग्रहालयात गेलेली यंत्ररचना येथे रोजच्या रस्त्यावर राहिली आणि तिचा आवाज ओळखणारा कानही टिकला.

१६/
या इतिहासाचे सार एवढेच: पाना उचलण्यापूर्वी प्रश्न विचारावेत. आवाज कोणत्या वेगाला येतो? इंजिनाबरोबर बदलतो की चाकांबरोबर? भार पडताना की सुटताना? हूकच्या भूमितीने हे प्रश्न शक्य केले आणि स्वातंत्र्योत्तर टंचाईने ते अनिवार्य केले. (समाप्त)