महासाथ, राज्यसंस्था आणि स्थलांतरित श्रमिक : जालना जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

साथीच्या रोगाच्या काळात राज्यसंस्था आणि जनता यांच्यातील संबंधांची कसोटी लागते. साथ ओसरल्यावर राज्यकर्त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे धोरण कसे आखावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात जालन्यातील २०२० च्या अनुभवाच्या आधारे केला आहे.

१८९७ चा वारसा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत गाठीच्या प्लेगचे निदान झाले आणि असंख्य श्रमिकांनी शहर सोडून गावाची वाट धरली. १८९७ च्या आरंभी ब्रिटिश सरकारने साथरोग अधिनियम संमत केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने रेल्वे प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला. त्यांच्या अन्नाची व निवाऱ्याची जबाबदारी मात्र कोणावरही टाकली नाही. पुण्यातील सक्तीच्या घरझडत्यांमुळे असंतोष उसळला व २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगग्रस्तांची शुश्रूषा करताना संसर्ग झाल्याने सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. सक्ती आणि सेवा असे दोन मार्ग त्या वर्षी दिसले. कायद्यात उतरला तो पहिलाच.

जालन्याचा अनुभव

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोविड-१९ च्या प्रतिबंधासाठी हाच कायदा लागू केला. टाळेबंदीत रोजगार गेल्याने जालन्यातील पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातील श्रमिक, भुसावळहून गाडी मिळेल या आशेने, रेल्वेमार्गाने पायी निघाले. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ ते थकून रुळांवरच झोपी गेले. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली त्यांपैकी १६ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व रहिवाशांना खुली केली. हे पाऊल स्वागतार्ह होते. परंतु परराज्यातून आलेला श्रमिक ‘रहिवासी’ या संज्ञेच्या कडेलाच राहतो.

धोरणाची दिशा

हा कामगार खात्याचा विषय आहे, असा आक्षेप घेतला जाईल. ठेकेदाराने अशा कामगारांना मोफत औषधोपचार व प्रवासभत्ता द्यावा, अशी तरतूद आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम, १९७९ मध्ये होतीच. तरीही संकटकाळी ते रुळांवरून पायी गेले. त्यांचे मृत्यू रोगाने झाले नाहीत. ते रोगप्रतिबंधाच्या उपायांतून ओढवले. म्हणून टाळेबंदीचा आदेश काढण्यापूर्वीच अन्न, निवारा व वाहतूक यांची व्यवस्था करण्याचे कर्तव्य आरोग्यविषयक कायद्यातच नमूद असावे. औद्योगिक वसाहतींतील श्रमिकांची नोंद प्राथमिक आरोग्य यंत्रणेकडे असणेही आवश्यक आहे.

समारोप

२०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. उपचारांची सोय त्यामुळे वाढेल. तथापि रुग्णालय दारी आलेल्यालाच बरे करू शकते. दारापर्यंत न पोहोचणाऱ्याची गणना करणे हे राज्यकर्त्यांचे काम होय.